वारसा, वाटणी आणि जलसा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात चांदूर बाजार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला ‘जलसा आणि समाजप्रबोधन’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय जुना आहे आणि आवडीचा आहे. जुन्या शाहिरांची नावे घ्यावीत, ढोलकीची आठवण काढावी, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावे, असे करणे सोपे आहे. परंतु जलसा ही केवळ गौरव करण्याची वस्तू नाही. जलसा समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारत असे. म्हणून जलशावर बोलायचे तर आम्हालाही आपल्याला एक प्रश्न विचारणे भाग आहे. तो प्रश्न असा: आपल्या घरातला वारसा कोणाला मिळतो आणि कोणाला नाकारला जातो?

वारसा म्हणजे काय?

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातबारा येतो. पण वारसा तीन प्रकारचा असतो. पहिला वस्तूचा: वावर, घर, विहिरीतला हिस्सा, चार भांडी, दोन तोळे सोने. दुसरा कामाचा: बापाने केले म्हणून मुलाने करायचे ते काम. तिसरा विचाराचा: गाणे, ग्रंथ, एखाद्या महापुरुषाने दाखविलेली वाट.

या तिन्हींच्या वाटणीची रीत आपल्या समाजव्यवस्थेने ठरवून टाकली होती. वस्तूचा वारसा वरच्यांनी वरच्यांना द्यायचा. कामाचा वारसा खालच्यांवर लादायचा. आणि विचाराचा वारसा, म्हणजे विद्या, ती तर कुलूपबंदच. शेकडो वर्षे ज्याला वावर मिळाले त्याच्या मुलाला वावर मिळाले आणि ज्याला झाडू मिळाला त्याच्या मुलाला झाडू मिळाला. विषमता ही काही दरवर्षी नव्याने पेरावी लागत नाही. ती वारशाने उगवते. एक पिढी डोळे मिटते आणि दुसरी पिढी त्याच जागी जाऊन बसते. कोणी जुलूम केला असे म्हणायलाही जागा राहत नाही, कारण सगळे ‘रीतीप्रमाणे’ झालेले असते.

या रीतीवर बोट ठेवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत जलशाचे स्थान फार मोठे आहे.

जलशाने काय केले?

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सत्यशोधक विचार खेड्यात न्यायचा तर पुस्तक पुरेसे नव्हते, कारण वाचणारे थोडे होते. म्हणून पुढे सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा हाती घेतला. तमाशात गण असतो, गौळण असते, बतावणी असते, वग असतो. लोकांना हा क्रम तोंडपाठ होता. त्याच क्रमात जलसाकारांनी नवा मजकूर भरला. सावकार आणि भटजी यांच्या जोडीने शेतकरी कसा नाडला जातो, हे लोकांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चालीत दिसू लागले.

याच परंपरेतून पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक हे त्यातले अग्रणी नाव. त्यांनी जलसे तर केलेच, पण पुढे त्या जलशांचा इतिहासही लिहून ठेवला. हे फार मोलाचे काम आहे, कारण गाणारे पुष्कळ असतात, नोंद ठेवणारे थोडे. या जलशांनी तमाशातला अश्लील भाग काढून टाकला. देवादिकांच्या स्तुतीच्या जागी बाबासाहेबांच्या कार्याचे वर्णन आले. शिक्षण घ्या, दारू सोडा, मेलेली जनावरे ओढू नका, शिळ्या भाकरीसाठी हात पसरू नका, हे ढोलकीच्या ठेक्यावर सांगितले गेले.

पण जलशाची खरी ताकद गाण्यापेक्षा सवालजवाबात होती, असे आमचे मत आहे. बतावणीत एक जुन्या वळणाचा माणूस असतो. तो म्हणतो, बापजाद्यापासून चालत आले ते कसे सोडायचे? दुसरा त्याला उलट प्रश्न करतो. सोंगाड्या मधेच तोंड घालतो आणि थेट समोरच्या माणसांनाच विचारतो. लोक हसतात, उत्तर देतात, कोणी चिडून उठतो. जो उत्तर देतो तो जलशाचाच भाग होतो. घरी गेल्यावर तोच सवाल त्याच्या बायकोपोरांत सुरू होतो. तिकीट काढून अंधारात गप्प बसण्याचे नाटक ते नव्हे.

आपल्या वऱ्हाडाला ही रीत काही परकी नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे खडी गंमत आहे, झाडीपट्टीत दंडार आहे. आणि आपल्या जिल्ह्यात तर गाडगेबाबा होऊन गेले. शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा परिटाचा मुलगा कीर्तन करायचा म्हणजे काय करायचा? प्रश्न विचारायचा. एक प्रश्न बाबांचा, एक उत्तर लोकांचे. लोकांच्याच तोंडून लोकांची चूक वदवून घ्यायची. सावकारी कर्जात मामाचे वावर कसे जाते, हे त्यांनी लहानपणी दापुऱ्याला डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे कर्ज काढून सण करू नका हे त्यांचे सांगणे पोथीतले नव्हते, अनुभवाचे होते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. दोघांची साधने वेगळी होती, पण प्रश्न विचारण्याची सवय एकच होती.

वतन आणि झाडू

आता कामाच्या वारशाकडे वळू. मुंबई इलाख्यात महारकीचे वतन होते. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात जमिनीचा एक तुकडा, आणि त्याच्या बदल्यात सरकारची व गावाची रात्रंदिवस ताबेदारी. वारस वाढत गेले तसा तुकडा लहान होत गेला, ताबेदारी मात्र लहान झाली नाही. वतनदार माणूस कामावर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही ओढून नेता येत असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते याचसाठी. स्वतःच्या समाजातल्या काही लोकांनाही तेव्हा ते पटले नव्हते. चार गुंठे जातील याची त्यांना भीती वाटत होती. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली.

वारसा हा नेहमी फायद्याचाच असतो असे नाही. कधी तो बेडी असतो. बेडीचा वारसा नाकारायला शिका, हे जलशांनी आपल्या वाडवडिलांना शिकविले.

परंतु याच वतनाच्या कायद्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १८८६ सालच्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने असे ठरविले की वतनी घराण्यात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर इतर कोणतीही स्त्री वारसाच्या क्रमात पुरुषांच्या मागे राहील. घराण्यात दूरचा का होईना पुरुष असेल, तर मुलीचा नंबर त्याच्यानंतर. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, म्हणून तो कायदा इथे लागू नव्हता. पण ‘लेक मागं, पुतण्या पुढं’ ही रीत आपल्याला अनोळखी आहे काय? बेडी आपण तोडली, पण बेडीबरोबर आलेली वाटणीची रीत आपण नीट जपून ठेवली. आजचा आमचा मुद्दा तोच आहे.

दुसरे उदाहरण झाडूचे. सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्याच जागी नोकरी मिळावी अशी लाड-पागे समितीची शिफारस आपल्या राज्यात अनेक वर्षे अमलात आहे. आम्ही तिच्या विरोधात बोलत नाही. त्या नोकरीवर घरे चालली, मुले शिकली. पण विचार करा, ज्या कामाला वारसाहक्क लावावा लागतो, त्या कामासाठी बाकीच्या समाजातून रांग का लागत नाही? कलेक्टरची खुर्ची वारशाने मिळत नाही, झाडू मात्र मिळतो. वारसा आणि विषमता यांची गाठ इथे उघडी दिसते.

या गाठीवर रंगभूमीने हात घातल्याचे एक ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे जोतीरावांच्या जीवनावरचे नाटक. २०१२ साली अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली ते पुन्हा रंगमंचावर आले, आणि ते केले पुणे महानगरपालिकेच्या कामगारांनी. त्यांत सफाई कामगार होते. सकाळी शहर झाडणारी माणसे संध्याकाळी जोतीराव आणि सावित्रीबाई होऊन गात होती, बोलत होती. ज्यांच्या हाती जन्माने झाडू आला, त्यांनी विचाराचा वारसा स्वतःच्या हाताने उचलून घेतला. या नाटकाची खरी कमाई ती आहे. विचाराचा वारसा वाटला तरी कमी होत नाही आणि तो घ्यायला कोणाच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही.

टिटवे कोणी धरायचे?

जोतीरावांच्याच घरातली हकीकत पाहा. त्यांना मूल नव्हते. त्यांनी यशवंतला दत्तक घेतले. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले. त्यात नुसती मालमत्तेची वाटणी नव्हती. यशवंत नालायक निघाला तर त्याच्या जागी लायक मुलगा निवडावा, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. म्हणजे पोटचा, जातीचा, रक्ताचा हे निकष बाजूला सारून लायकीचा निकष त्यांनी वारशाला लावला. त्या काळी ही किती मोठी गोष्ट होती!

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंद आडवे आले. टिटवे कोणी धरायचे, असा वाद झाला, कारण जो टिटवे धरील तो वारस ठरणार. यशवंत दत्तक, म्हणून त्याला विरोध. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले. आपण हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगतो. तो धैर्याचा आहेच. पण तो वारशाचाही आहे. वारस कोण, हे भाऊबंदांनी ठरवायचे नाही, घरातली बाई ठरवू शकते, हे त्या एका कृतीने जगाला सांगितले.

बाबासाहेब आणि लेकीचा हिस्सा

भगिनींनो, बाबासाहेबांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलासाठी किती कष्ट घेतले हे आपण जाणता. त्या बिलात मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा होता, आणि विरोधकांना तो सर्वांत जास्त खुपत होता. बिल रखडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, पण त्यांत हे बिल एक मुख्य कारण होते. मुलीच्या हिश्श्यासाठी मंत्रिपद सोडणारा बाप या देशात दुसरा झालेला नाही.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला. कित्येकांना वाटते की नावात ‘हिंदू’ आहे, आपण बौद्ध, मग हा कायदा आपला नव्हे. तसे नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, आणि तसे त्या कायद्यातच लिहिले आहे. बापाने स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास बापाची आई, या सर्वांना सारखा हिस्सा. हे १९५६ पासून आहे.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली हा भेद संपला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली बाप हयात होता की नव्हता याला महत्त्व नाही. मुलीचा हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहतात.

म्हणजे कायद्याच्या पुस्तकात लेक लेकासारखी झाली. मग सातबाऱ्यावर ती का दिसत नाही?

मांडवातला वग

याचे उत्तर व्याख्यानाने मिळणार नाही. जलशाच्या रीतीने पाहू. एक वग समजा. बापाने आयुष्यभर राबून दहा एकर वावर स्वतः घेतले. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. वारस किती?

(श्रोत्यांतून आवाज: ‘पाच!’)

बरोबर. दहा एकर, पाच वारस. प्रत्येकी किती?

(आवाज: ‘दोन एकर!’)

हिशेब तर सगळ्यांना येतो. आता प्रवेश पाहा. तेरवीचे जेवण आटोपले आहे, किंवा आपल्याकडे म्हणा पुण्यानुमोदन झाले आहे. लेकी अजून माहेरीच आहेत. थोरला भाऊ कागद घेऊन येतो.

भाऊ म्हणतो, ‘बाई, इथं सही कर. तलाठ्याचा कागद हाये.’

बहीण म्हणते, ‘कायचा कागद हाये दादा?’

‘काही नाही वं, नाव कमी करायचा. पोरीचं नाव सातबाऱ्यावर असलं की कर्ज भेटत नाही.’

सोंगाड्या मधे येतो: ‘भेटत नाही? तुह्या धाकट्या भावाचं नाव असूनबी भेटते ना? त्याच्या नावाले का सोन्याचा मुलामा हाये?’

(हशा)

आपण हसलात. पण बहीण सही करते. दोन एकर सोडते. तिला साडी मिळते, माहेरी जेवण मिळते, ‘आमची बाई मोठ्या मनाची’ असे ऐकायला मिळते. आई तर कागद पाहतही नाही. दोन्ही भावांकडे पाच-पाच एकर जातात. चांदूर बाजाराच्या या संत्र्याच्या पट्ट्यात दोन एकर ओलिताचे मोल काय असते ते आम्ही सांगावे असे नाही. मोठ्या मनाची किंमत इतकी मोठी असते आणि ती नेहमी बहिणीनेच भरायची असते.

आम्ही जुळवलेल्या चार ओळी अशा आहेत:

वावर बापाचं, नांगर भावाचा,
बहिणीच्या वाट्याले कागद सहीचा.
कायदा सांगते सारखा हिस्सा,
घरात काहून येगळाच किस्सा?

आता वग इथेच संपवायचा नाही. ब्राझील देशात आगुस्तो बोआल नावाचे नाटककार होऊन गेले. १९३१ ते २००९ हा त्यांचा काळ. त्यांनी अशी पद्धत काढली की अन्यायाचा प्रसंग एकदा शेवटपर्यंत करायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा. या वेळी प्रेक्षकांतला कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो, उठून पात्राच्या जागी उभा राहू शकतो आणि प्रसंग वेगळा करून दाखवू शकतो. पुढे रिओ शहरात नगरसेवक असताना त्यांनी अशाच नाटकांतून लोकांच्या मागण्या गोळा केल्या आणि त्यांतल्या काहींचे कायदे झाले. आपल्या सोंगाड्याने जे विचारले, तेच त्यांनी एक पाऊल पुढे नेले. आपल्याकडेही १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे गाण्यांनी भरलेले नाटक वस्त्यावस्त्यांत, गावागावांत केले. बायका नाटक पाहून घरी गेल्या आणि स्वतःच्या घराकडे नव्या नजरेने पाहू लागल्या.

तर आपला वग पुन्हा सुरू करा. बहिणीच्या जागी या मांडवातली एखादी माउली उभी करा. भावाच्या जागी खरोखरीचा कोणी भाऊ उभा करा. भाऊ काय काय म्हणेल ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. एकेक मुद्दा घेऊ.

भाऊ म्हणेल, ‘तुह्या लग्नात खर्च केला ना.’ लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे, आणि हुंडा दिला असेल तर तो १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हिस्सा नव्हे. शिवाय भावाच्या लग्नात आणि शिक्षणात खर्च झाला नाही काय? तो कोणी त्याच्या हिश्श्यातून कापला?

भाऊ म्हणेल, ‘वावराचे तुकडे होतील.’ दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा तुकडे होत नाहीत काय? तेव्हा कोणी म्हणत नाही की धाकट्याने हक्क सोडावा.

भाऊ म्हणेल, ‘जावई विकून टाकीन.’ विकण्याची भीती असेल तर भावाने बाजारभावाने बहिणीचा हिस्सा विकत घ्यावा, किंवा तिचे वावर ठेक्याने करून दरवर्षी तिला पैसे द्यावेत. वाटा आहेत. फुकट सही ही वाट नव्हे.

भाऊ म्हणेल, ‘मायबापाले कोन सांभाळलं?’ हा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला हसून चालणार नाही. ज्याने म्हातारपणी औषधपाणी केले, रात्री जागल्या, त्याच्या कष्टाचा विचार व्हायलाच हवा. २००७ च्या कायद्याने आईबापांचा सांभाळ ही लेक-लेकी दोघांचीही जबाबदारी आहे. कित्येक घरांत तो सांभाळ लेकीच करतात हेही आपण पाहतो. म्हणून या कष्टाचा हिशेब सर्वांसमोर, बसून, बोलून करावा. कोऱ्या कागदावरच्या सहीने तो हिशेब होत नाही.

आणि शेवटी बहीण स्वतःच म्हणेल, ‘मले काही नको, फक्त माहेर राहू द्या.’ या वाक्यापाशी सगळे कायदे थांबतात. सर्वांत कठीण सवाल हाच आहे. बहिणीला दोन एकर आणि माहेर यांतून एक निवडायला लावणारा कोण? भावाला असे कधी निवडावे लागते काय? त्याला वावरही मिळते आणि बहीणही मिळते. ज्या माहेराची किंमत दोन एकर आहे, ते माहेर आहे की सावकारी? आम्ही हा प्रश्न कोणा एका भावाला विचारत नाही. मांडवातल्या प्रत्येक भावाने तो स्वतःला विचारावा.

जमीनच नसेल तर?

कोणी म्हणेल, आमच्याकडे वाटायला वावरच नाही. खरे आहे. कित्येक घरांचा खरा वारसा भूमिहीनपणा हाच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरपासून भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यांत बायका पोराबाळांसह होत्या. आम्ही विचारतो, तुरुंगात जाताना बाई चालली, मग पट्टा मिळाल्यावर नाव फक्त बाप्याचे का? शेतकरी संघटनेने नव्वदीच्या दशकात ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि शेतकऱ्यांना सांगितले की वावराचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावाने करा. कित्येकांनी केलाही. ती हाक आपल्या वस्तीतही यायला हवी. वावर नसेल तर घरकुल आहे, प्लॉट आहे, नोकरीतला फंड आहे. तिथेही हाच प्रश्न आहे.

समाजाने आपल्याला हिस्सा नाकारला, म्हणून आपण समाजाकडे हिस्सा मागितला. तो मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कोणी दिला? समतेच्या तत्त्वाने दिला. मग तेच तत्त्व उंबऱ्याच्या आत येताना चप्पल काढून बाहेर थांबते काय?

काय करावे?

नुसते बोलून आम्ही खाली बसणार नाही. चार सूचना करतो.

एक, यंदाच्या वर्षावासात प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ हा ‘वाटणीचा वग’ करावा. मोठा खर्च नको. एक ढोलकी, एक तुणतुणे, पाच माणसे पुरेत. कोणाच्याही खऱ्या घरचे नाव घेऊ नये, म्हणजे कोणाचा अपमान होणार नाही आणि सगळेच मोकळे बोलतील. पहिल्यांदा वग सहीपर्यंत करावा. दुसऱ्यांदा थांबवावा आणि लोकांना उभे करावे. बहिणीच्या जागी एकदा तरी भावाला उभे करावे. सही करताना हात कसा जड होतो ते त्याला कळू द्यावे.

दोन, वग चालू असताना एक जाणकार वकील किंवा निवृत्त तलाठी मांडवात बसवावा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण कागद तोच आहे. लोकांना समजावे की सातबाऱ्यावरची फेरफार नोंद महसुलासाठी असते, नोंदीत नाव नाही म्हणून मालकी आपोआप संपत नाही. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणी केलेलेच लागते. आणि एकदा ते नोंदले की ते फिरवणे फार कठीण. म्हणून वाचल्याशिवाय आणि विचार केल्याशिवाय सही करू नये. हक्क सोडायचाच असेल तर तो समजून सोडावा. तो तिचा अधिकार आहे. न कळता गेलेला हक्क म्हणजे दान नव्हे.

तीन, ज्यांच्याकडे काही मिळकत आहे त्या बापांनी हयातीतच मृत्युपत्र करावे आणि त्यात लेकीचे नाव लिहावे. स्वतः कमावलेली मिळकत कोणाला द्यायची हे बाप मृत्युपत्राने ठरवू शकतो, आणि हे मृत्युपत्र लेकीच्या विरुद्धही जाऊ शकते. म्हणून कायदा लेकीला पूर्ण वाचवू शकत नाही. तिथे बापाची नियत लागते. जोतीरावांनी १८८७ मध्ये विचारपूर्वक मृत्युपत्र केले. आपल्याला आज तेवढे करायला काय हरकत आहे?

चार, आपल्या संस्थेने वस्तीतल्या जुन्या जलसाकारांची, भजनी मंडळांतल्या बायाबापड्यांची गाणी वहीत उतरवून घ्यावीत. भीमराव कर्डकांनी लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला जलशाचा इतिहास सांगता येतो. ज्यांनी लिहिले नाही त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गेली. हा वारसाही कोणाच्या एकट्याच्या नावावर राहू नये.

मित्रहो, वाडवडिलांनी आपल्याला वावर फार दिले नाही, देऊ शकले नाहीत. पण त्यांनी आपल्याला प्रश्न विचारण्याची सवय दिली. गावाने जे लादले त्याला त्यांनी ‘काहून?’ असे विचारले. हा ‘काहून’ आपल्याला वारशात मिळाला आहे, लेकांना आणि लेकींना सारखा. तो फक्त दुसऱ्यांच्या दारात विचारायचा नसतो. उद्या घरी कागद सहीला येईल, तेव्हा आपल्या लेकीने ‘काहून?’ म्हणून विचारले, आणि तिच्या भावाने तिच्या बाजूने उत्तर दिले, तर जलसा जिवंत आहे असे आम्ही समजू.



नमो बुद्धाय! जयभीम!